बटणाचे नवे पाय

चष्म्याच्या दुकानात काउंटरच्या आत आमचा बटण चांगला उंच होता आणि काउंटरच्या बाहेर बुटका. आत मालकाने फळ्या ठोकून एक चौथरा करून घेतला होता. त्यावर उभा राहून बटण गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवायचा, नाकावरच्या गाद्या चिमट्याने जरा आत-बाहेर करायचा आणि मान मागे घेऊन चेहऱ्याकडे असा बघायचा की समोरच्याला वाटावं, आपण देखणे आहोत. हात इतका हलका की लहान मुलंसुद्धा रडायची नाहीत. पण काम झालं की दारापर्यंत सोडायला तो चौथऱ्यावरून उतरायचा. तेव्हा गिऱ्हाइकाच्या तोंडावर जे यायचं ते मी स्वतः पाहिलंय. कुणी हसलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण चेहरा एकदम मऊ व्हायचा, दुसऱ्याच्या लेकराशी बोलताना होतो तसा.

मी त्याची थोरली बहीण. छापखान्यातून येणारी मुद्रितं घरी बसून तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं, आता तो स्वभाव झालाय, असं बटण म्हणायचा. खरं आहे ते. म्हणून आधीच सांगते, ही गोष्ट मला गोड करून सांगता येणार नाही.

बटण हे नाव बाबांनी ठेवलेलं. बाबा सहा फुटांचे, दारातून आत येताना मान झुकवणारे. आई त्यांच्या छातीलासुद्धा लागायची नाही. मी बाबांवर गेले आणि बटण आईवर. "हे कुणाच्या शर्टाचं बटण पडलंय आमच्या घरात?" असं बाबा पाहुण्यांना विचारायचे. पाहुणे हसायचे. आईलाही हसावं लागायचं, कारण ती हसते की नाही इकडे बाबांचं लक्ष असायचं.

बाबा मारायचे नाहीत. हे त्यांच्या बाजूने सांगते, कारण त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं दुसरं फारसं नाही. आमच्या पॅसेजमध्ये भिंतीला लागून एक लाकडी कपाट आहे, माणसाहून उंच. बटणाच्या हातून दूध सांडलं, त्याचं गणित चुकलं, किंवा बाबांचंच बाहेर कुणाशी बिनसलं, की ते त्याला काखेत धरून उचलायचे आणि त्या कपाटावर बसवायचे. "उंच व्हायचंय ना तुला? झालास." मग खुर्चीत बसून पेपर वाचायचे. बटण वर, छताला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून बसलेला. आई खाली. तिचे हात वरपर्यंत पोचायचे नाहीत आणि स्टूल आणायची तिची छाती नव्हती. ती नुसती हात वर करून उभी राहायची. अशा आमच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या.

त्यामुळे आम्ही कानांनी जगायला शिकलो होतो. बाबांच्या डाव्या पायावर कामावर कधीतरी लोखंडी पेटी पडली होती. उजवं पाऊल जड पडायचं आणि डावं घासत यायचं. धप्प, खर्रर्र. धप्प, खर्रर्र. दुसऱ्या मजल्यापर्यंत. आमच्या दाराच्या जरा खाली जिना वळतो, तिथे ते थांबायचे. दम खायला थांबत असतील, पण किती वेळ थांबतील याचा नेम नसायचा. तेवढ्या वेळात घराची तयारी व्हायची. आई रेडिओ बंद करायची, गॅस बारीक करायची, ओल्या हाताने केस सारखे करायची. मी दारातल्या चपला ओळीत लावायचे. आणि बटण त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात शिरायचा, गाद्या-पांघरुणांच्या मागे. आई बाहेरून दार लोटायची. मग बाबा दारात येऊन म्हणायचे, "कोण आहे घरात?" सगळे घरातच आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. आई म्हणायची, "बटण नाहीये घरात. खेळायला गेलाय." कधी खपून जायचं, कधी नाही.

बाबा गेले ते झोपेत, कुणाला काही त्रास न देता. असं वागण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. वर्षभरात घराचा आवाज बदलला. आई रेडिओबरोबर गायला लागली, तेही बेसूर आणि मोठ्याने. बटण दुकानातून यायचा तो टकटकटक असा, छोट्या पावलांनी पळत, वळणावर न थांबता. दारातूनच काहीतरी चावट बोलायचा आणि आई स्वयंपाकघरातून त्याला शिव्या घालायची. आमच्यासारखं सुखी घर त्या जिन्यात दुसरं नव्हतं, असं मला वाटायचं. आता विचाराल, मग याला उंच व्हायची हौस कुठून आली?

त्या वर्षी दुकानात वाचनालयातली एक बाई यायला लागली. चष्म्याची काडी सैल झालीय म्हणायची. काडीला काही झालेलं नसायचं. बटण ती घट्ट करायचा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती परत सैल. घरी आम्ही त्याला चिडवून बेजार केलं. एका संध्याकाळी तो तिला सोडायला काउंटरच्या बाहेर आला, फुटपाथपर्यंत गेला. त्यानंतर काडी कधी सैल झाली नाही. एक दिवस घरी आल्यावर बटण कपाटापुढे उभा राहिला, टाचा उचलून त्याने वर हात नेला. बोटांची टोकं कशीबशी वरच्या कडेला लागली.

पाय लांब करून घ्यायच्या ऑपरेशनला पैसा कुठून आला म्हणाल तर बाबांच्या विम्याचा. म्हणजे बाबांनीच त्याला पुन्हा एकदा उंच केलं म्हणा.

"चांगला चालता-फिरता आहेस की रे," आई म्हणाली.

"चालतो गं," बटण म्हणाला. "दिसत नाही मी कुणाला."

माझ्याकडे यावर उत्तर होतं, पण डॉक्टरची तारीख ठरली होती. या डॉक्टरला आम्ही आपसात उंचीवाला म्हणायचो. हसरा माणूस. त्याने कागदावर दोन रेघा काढून समजावलं: दोन्ही पायांची नडगीची हाडं मधोमध कापायची, बाहेरून पोलादी कड्या बसवायच्या, कड्यांमधून तारा आणि खिळे हाडात जातील. मग कड्यांवरचे नट पान्याने रोज थोडे थोडे फिरवायचे. हाडाची टोकं दिवसाला एक मिलिमीटर लांब जातील आणि मधल्या फटीत नवीन हाड भरत जाईल. "शरीराला फसवायचं," तो म्हणाला. "त्याला वाटतं जखम भरतेय. ते भरत राहतं आणि आपण लांबवत राहतो."

घरी आणला तेव्हा बटणाचे पाय पुलाच्या सांगाड्यासारखे दिसत होते. पुढच्या खोलीत त्याचा पलंग मांडला. आई खिळ्यांच्या तोंडाशी साचलेलं पाणी कापसाने टिपायची आणि पान्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा हात थरथरत नाही. प्रत्येक वेळी पाव फेरा. नट फिरताना बारीक कुरकुर व्हायची. बटण डोळे मिटून घ्यायचा. दुखायचं तेव्हा ओरडायचा आणि त्याने मला बरं वाटायचं. पण पुढेपुढे तो ओरडेनासा झाला. डोळे मिटून तो काहीतरी ऐकत असायचा.

"काय ऐकतोस?"

"आत आवाज येतो, ताई. नटाचा नाही. त्याच्या नंतर येतो."

"हाडाला कसला आवाज? गप पड," मी म्हणाले. पण पाना ठेवताना मीही नकळत कान दिला.

पहिल्या एक्स-रेत हाडाची दोन टोकं दिसली आणि मधे काळी फट. पुढच्या एक्स-रेत त्या फटीत पांढुरकं काहीतरी दिसलं, थंडीत काचेवर श्वास सोडल्यावर दिसतं तसं. उंचीवाला खूश झाला. "हे बघा, येतंय! एकदम छान धुकं आहे. हेच पुढे घट्ट होणार."

बटणाने तो एक्स-रे खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला. "हे माझंच हाड आहे ना, डॉक्टर?"

"मग कुणाचं असणार?" डॉक्टर हसला. बटणही हसला. पण रिक्षात बसल्यावर तो मला म्हणाला, "हा तुकडा आधी नव्हताच ना, ताई. मी लहान असताना हा नव्हता. याला काहीच माहीत नसेल." मला ते वेदनेच्या गोळ्यांचं बोलणं वाटलं. गोळ्या खरंच जोरदार होत्या.

महिने गेले. पोटऱ्या ताणल्या जाऊन आखडल्या, टाचा जमिनीला टेकेनात. व्यायामाच्या बाई यायच्या, पायाला पट्टा अडकवून पंजा खेचायला लावायच्या. उजवी टाच आली, डावी येईना. कड्या निघाल्या तेव्हा नडग्यांवर गोल गोल खुणा राहिल्या, आणि पाय जरा लांब, हात होते तेवढेच, म्हणून तो उभा राहिला की हात कुणी मुद्दाम आखूड केल्यासारखे दिसायचे. पण उंची वाढली होती. त्याने पहिली गोष्ट काय केली असेल तर वॉकर टाकून कपाटाला धरलं आणि वर अख्खा पंजा टेकवला. मग हात खाली घेऊन आम्हाला दाखवला. पंजाला दाट काळी धूळ लागली होती. आईने ती पुसून काढली, पुन्हा पुन्हा पुसली, निघाल्यावरही पुसत राहिली.

त्यानंतर आठवड्याभरातली सकाळ. मी टेबलाशी मुद्रितं घेऊन बसले होते. आई स्वयंपाकघरात रेडिओबरोबर गात होती. बटण आतल्या खोलीतून पॅसेजमध्ये चालायचा सराव करायला निघाला. मला एवढंच आठवतं की मी एक ओळ वाचत होते. मग मी दारात वाकलेली होते आणि माझ्या दोन्ही हातांत चपला होत्या. मी त्या ओळीत लावत होते. रेडिओ बंद झाला होता. मान वळवून पाहिलं तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, ओल्या हाताने केस सारखे करत होती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि तेव्हा कुठे तो आवाज माझ्या कानात शिरला.

धप्प, खर्रर्र. धप्प, खर्रर्र.

पॅसेजच्या वळणावरून वॉकर आला आणि मागून बटण, घामाने डबडबलेला. "चाललो! ताई, बघितलंस? भिंतीला न धरता इथपर्यंत!"

"बघितलं," मी म्हणाले. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. मला भीती वाटली होती, साधी, लहानपणची भीती, आणि ती वाटून गेल्यावर लाजही वाटली.

त्यानंतर घरात बदल व्हायला लागला. आई गाणं अर्ध्यात सोडायची. तो उठायच्या आत त्याचा चहा टेबलावर असायचा, कप बशीच्या बरोबर मधोमध. पेपर घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवलेला, बाबांना लागायचा तसा. बटण पेपर वाचत नाही, कधीच वाचला नव्हता. मी एकदा घडी मोडून पेपर माझ्याकडे ओढला तर आईने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"आई, तो बटण आहे गं," मी हळू आवाजात म्हणाले.

"मला कळतं की," ती म्हणाली. "वेड नाही लागलं मला. पण माझ्या हातांना कळत नाही. आवाज आला की ते आपले कामाला लागतात."

तो जिना चढायला लागला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत वर आल्या. त्यांच्या हातात लाटणं तसंच होतं. "अगं, आत्ता जिन्यावरून कोण गेलं?" मी म्हणाले, बटण. त्यांनी आत डोकावून त्याला पाहिलं, हसल्या, उंचीचं कौतुक केलं. पण खाली जाताना वळणापाशी त्या जरा थबकल्या आणि भिंतीच्या कडेने उतरल्या.

मी गप्प बसणारी बाई नाही. व्यायामाच्या बाईंना गाठून विचारलं, हे घासणं कधी जाणार? त्या म्हणाल्या, डावी पोटरी आखडलीय, रोज पट्ट्याने ताणली की सुटेल, त्याने मनावर घेतलं पाहिजे. मी रबरी तळव्यांचे बूट आणून दिले. आवाज बसका झाला, पण तोच राहिला. शेवटी मी बटणालाच सांगितलं.

"तू बाबांसारखा चालतोस."

तो थांबला. मला वाटलं, आता याचा चेहरा पडेल. पण तो उजळला. "खरंच? म्हणजे मागून उंच दिसतो?"

"दिसण्याचं नाही म्हणत मी. आवाज. पाऊल वाजतं ते अगदी त्यांच्यासारखं. आई दचकते रे."

"दचकत नाही गं, मान देते." तो हे अगदी सहज म्हणाला. "बघ ना, घर किती शांत झालंय. आधी नुसती कलकल असायची. काही म्हण, बाबांचा दरारा होता."

दरारा. गादीत तोंड खुपसून, श्वास रोखून त्या कप्प्यात बसणाऱ्या पोराच्या तोंडून मी हा शब्द ऐकला. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. पण तेवढ्यात माझं लक्ष खुंटीकडे गेलं. पोटरी ताणायचा पट्टा तिथे लटकत होता आणि त्याच्यावर धूळ होती. डाव्या पायाचा व्यायाम त्याने कधीच सोडून दिला होता.

त्या दिवसापासून मी दुसरीच गोष्ट ऐकायला लागले. वळणावर तो थांबायचा. पाय नवे, दोन मजले चढायचे, दम लागणारच, त्यात वावगं काही नव्हतं. मी आतून त्याचा श्वास ऐकायचे, तो जोरात चालायचा आणि हळूहळू शांत व्हायचा. पण श्वास शांत झाल्यावरही तो वर यायचा नाही. तिथे नुसता उभा असायचा. आणि आमच्या घरात गॅस बारीक होताना ऐकू यायचा. तो खालून ते ऐकतोय हे मला समजलं. माझा भाऊ वर येणार की दुसराच कुणी, हे रोज त्या वळणावर ठरायचं आणि मला दाराच्या आत बसून वाट बघण्याखेरीज काही करता येत नव्हतं.

मग तो दुकानात परत गेला. पहिला दिवस. नवी पँट, बूट पॉलिश केलेले. आदल्या दिवशी मालकाला फोन करून त्याने काउंटरमागचा चौथरा काढून टाकायला लावला होता. "आता जमिनीवर उभा राहणार मी," तो म्हणाला. आम्ही दोघी गॅलरीतून तो कोपऱ्यावर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिलो. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला अभिमान वाटत होता, खरंच वाटत होता, ते पाय जिन्यावर नाही, रस्त्यावर होते तोवर.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. "ताई, तो निघालाय. त्याला जरा सांभाळून घ्या."

"काय झालं?"

मालक जरा अडखळला. झालं ते असं. चौथरा होता तेव्हा काउंटरवरून बटण जेवढा उंच दिसायचा तेवढा तो कापून, लांबवून, वर्ष घालवूनही झाला नव्हता. चौथरा त्याहून उंच होता. हे ना त्याच्या लक्षात आलं, ना आमच्या, ना मालकाच्या. आम्ही सगळे तो काउंटरच्या बाहेर केवढा दिसेल याच हिशेबात होतो. जुनी गिऱ्हाइकं आली, काउंटरपलीकडे बघितलं आणि हळहळली. अरे, आजारी होतास का? किती खचलास. बसून काम करतोस का आता? दुपारी वाचनालयातली ती बाई आली, खरोखर मोडलेली काडी घेऊन. त्याने काडी बसवली आणि तिला सोडायला ताठ मानेने बाहेर आला. ती त्याच्या पायांकडे बघत म्हणाली, "अरेरे, अपघात झाला का?" आणि तिचा चेहरा मऊ झाला.

मी फोन ठेवला. आई पॅसेजमध्ये वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. तिला काय सांगावं याचा विचार करेपर्यंत खाली जिन्याचं दार आपटलं.

धप्प, खर्रर्र. इतक्या जोरात तो याआधी कधी चालला नव्हता. प्रत्येक पायरीला कठडा हादरत होता. मी ठरवलं, चपलांना हात लावायचा नाही. टेबलाशी बसून राहिले, लाल पेन मुठीत धरून. वळण आलं आणि तो थांबला. श्वास जोरात चालला होता. मग शांत झाला. मग काहीच ऐकू येईना. मी ओळींवरून डोळे फिरवत होते, एकही अक्षर दिसत नव्हतं. मनात म्हणाले, बटण, टकटक करत ये. दारातून काहीतरी चावट बोल. आईच्या शिव्या खा.

धप्प. दार उघडलं. उंबऱ्यात तो उभा होता, मान किंचित झुकवलेली, झुकवायची काही गरज नसताना.

"कोण आहे घरात?" तो म्हणाला.

"मी आहे, तुझी बहीण!" मी ओरडले. "हे काय विचारणं झालं? भानावर ये!"

"चहा कुठाय? आई कुठाय?"

स्वयंपाकघरात गॅस बारीक झालेला होता. रेडिओ बंद. आई नव्हती. पॅसेजमध्ये धुतलेल्या चादरींचा ढीग जमिनीवर पडला होता, अर्ध्या घडीत टाकून दिलेला. कपाटाच्या खालच्या कप्प्याचं दार बंद होतं, पण फटीतून गादीचा कोपरा बाहेर आला होता. बटण तिथपर्यंत चालत गेला. ते चार-पाच पावलांचं अंतर, पण मला त्याच्या आधी पोचता आलं नाही. त्याने दार ओढलं.

आई आत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तेवढ्या जागेत ती मावली होती. तिचा एक हात मागे होता, गाद्यांच्या बाजूला, मागे कुणाला तरी झाकून धरल्यासारखा. मागे कुणी नव्हतं. आतून तिला बाहेरचे फक्त गुडघे आणि बूट दिसत असणार. ती त्या गुडघ्यांशी बोलली.

"बटण नाहीये घरात. खेळायला गेलाय." आणि जरा थांबून, "अहो, खरंच गेलाय. मी पाठवलं त्याला."

मी भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. संताप अजून तिथेच होता, पण त्याच्यामागून दुसरं काहीतरी वर येत होतं. त्याचा हात कपाटाच्या वरच्या कडेवर होता, अख्खा पंजा. तो त्याने काढून घेतला, चटका बसल्यासारखा.

"आई," तो म्हणाला. "आई, मी आहे गं."

आईने मागचा हात अजूनच मागे सारला.

तो खाली बसायला गेला. गुडघे अजून नीट वळत नव्हते. कपाटाला पाठ घासत तो खाली आला, मग एका अंगावर आडवा झाला आणि कोपरावर सरकत त्याने डोकं कप्प्यात घातलं. चेहरा मात्र होता तोच, लहानपणचा. आईने तो पाहिला. तिने एकदम त्याची कॉलर धरली आणि त्याला आत ओढलं, डोकं मांडीवर घेतलं, त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"कुठे होतास रे? केव्हाची शोधतेय," ती कुजबुजली. "ते वळणावर आलेत. आवाज करू नकोस. दार लावू दे."

तिने आतून दार ओढलं. ते बटणाच्या नडग्यांवर आपटलं. तिने पुन्हा ओढलं, पुन्हा आपटलं, त्या गोल खुणांवर. तो ओरडला नाही.

"पाय आत घे, बाळा. लवकर."

बटणाने पाय ओढून पाहिले. उजवा थोडा वळला. डावा जमिनीवर घासला, खर्रर्र, आणि तिथेच राहिला. तो आवाज ऐकून आईचं अंग आक्रसलं, आणि मी पाहिलं, बटणाचंही आक्रसलं. त्याने आईच्या कुशीत तोंड खुपसलं.

"येत नाहीत, आई," तो आतून रडत म्हणाला. "पाय आत येत नाहीत."

मी चादरींच्या ढिगातली एक उचलली आणि बाहेर राहिलेल्या त्या दोन पायांवर घातली, ते कुणाला दिसू नयेत म्हणून. कडा नीट आत खोचल्या. मग मीही तिथेच जमिनीवर बसले आणि आम्ही तिघं जिन्याकडे कान देऊन गप्प राहिलो.